लाल ठिपक्याचे मिनिट

मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे, मित्रांनो, आणि माझी कहाणी ऐकायची असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमच्या पाठ्यपुस्तकांतल्या छत्र्या, चपला आणि मोडकी बाकडी आपले आयुष्य सांगता सांगता शेवटी रडायला लागतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझे दोन्ही फुगे काचेचे आहेत आणि आत कोरडी वाळू आहे. ओलावा आत शिरला तर मी कायमचा बंद पडेन, त्यामुळे रडणे मला परवडत नाही.

माझे काम सोपे आहे. मला उलटे केले की वरची वाळू मधल्या बारीक मानेतून खाली येते आणि एक मिनिट होते. निदान लोक तसे धरून चालतात.

माझा जन्म काचेच्या एका लहानशा कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, गॅसच्या दोन ज्योती आणि कायम घामाघूम झालेला एक कारागीर. काचेची नळी तो ज्योतीवर गोल गोल फिरवायचा आणि मऊ झाली की अलगद ओढून तिची मान करायचा. माझी मान ओढताना नेमकी त्याला शिंक आली. मान किंचित कलली आणि आतल्या बाजूला एक बारीकसा ओठ राहून गेला. त्याने मला उजेडात धरून पाहिले, ‘चालतंय’ म्हणाला आणि टोपलीत टाकले.

वाळू भरायचे काम त्याच्या बायकोकडे होते. भिंतीवरच्या घड्याळावर डोळा ठेवून ती चिमूट चिमूट वाळू घालायची आणि बरोबर मिनिट भरले की तोंड बंद करायची. माझेही मिनिट तिने नीट भरले, पण एकाच बाजूने. उलट्या बाजूने तपासायला आणखी एक मिनिट लागले असते आणि तिच्यापुढे अख्खी टोपली पडलेली होती. म्हणून माझ्या एका बाजूला पूर्ण मिनिट आहे, आणि दुसऱ्या बाजूने वाळू त्या ओठावरून घसरत पळते. तिकडचे मिनिट चांगलेच कापलेले आहे.

माझी पहिली नोकरी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात होती. दवाखाना एकट्या बाईंचा होता. भिंतीला लोखंडी दांडे, समोर मोठा आरसा, कोपऱ्यात रबरी पट्टे आणि खोलीभर मलमाचा वास. तिथे, कुठेतरी पडून कंबर मोडलेले, अपघातातून उठलेले, अर्धे अंग गेलेले लोक यायचे. बाई त्यांना आधी दांडा धरून उभे करायच्या, मग दांडा सोडायला लावायच्या, मग एक पाय उचलायला सांगायच्या, आणि मला उलटे करून समोर ठेवायच्या. वाळू संपेपर्यंत पाय टेकवायचा नाही. मित्रांनो, मोठी माणसे लहान मुलांसारखी माझ्याकडे बघायची आणि मनातल्या मनात मला शिव्या घालायची. मला त्यात गंमत वाटायची. एकदा एक आजोबा घामाने थबथबून म्हणाले, "बाई, हे घड्याळ बंद पडलंय."

"घड्याळ चालू आहे आजोबा," बाई म्हणाल्या. "तुमचा पाय बंद पडलाय. उचला."

बाई अशा कडक होत्या. माझ्या मानेतली खोड मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखली. हातातले घड्याळ लावून त्यांनी मला दोन्ही बाजूंनी तपासले, थोडा वेळ विचार केला, पर्समधून नखांचा लाल रंग काढला आणि माझ्या एका फुग्यावर एक ठिपका दिला. ठिपका वर ठेवला की मिनिट लवकर संपायचे. जो पेशंट खचलेला असेल, आज जमले नाही तर जो उद्या येणारच नाही, त्याच्यासाठी बाई ठिपका वर ठेवायच्या. ‘पूर्ण मिनिट उभे राहिलात,’ असे सांगायच्या, आणि तो रडायचा. ठिपक्याचे गुपित त्यांनी एकाही पेशंटला सांगितले नाही. त्याच्या पायात जोर आला की त्या गुपचूप मला दुसऱ्या बाजूवर न्यायच्या. असे फसवून त्यांनी कितीतरी लोकांना चालायला लावले.

तिथेच मला दोन भावांतला थोरला भेटला. तो बसस्टँडवर घोषणा करायचा. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, ती किती उशिरा, कोणाचे मूल हरवले आहे, हे सगळे गाव त्याच्या आवाजात ऐकायचे. एक दिवस घोषणा करता करताच त्याचे अर्धे अंग गेले. पाय हळूहळू परत आला. जीभही आली, पण शब्द वेळेवर येईनात. डोके अगदी साफ होते. त्याला काय म्हणायचे आहे ते पक्के ठाऊक असायचे, शब्द समोर दिसायचा, आणि हाताला लागायचा नाही. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘पाणी’ म्हणायला वेळ लागायचा.

एक दिवस थोरला एका पायावर उभा राहिला आणि माझी वाळू संपेपर्यंत त्याने पाय टेकवला नाही. ठिपका अर्थातच वर होता. "पूर्ण मिनिट," बाई म्हणाल्या. "पूर्ण... मिनिट," थोरला म्हणाला. त्याला न्यायला आलेल्या धाकट्या भावाने त्याला मिठी मारली. धाकट्याचे चष्म्याचे दुकान होते. पुढे कितीतरी महिने, चष्मा करायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगत असे, "माझा दादा एका पायावर पूर्ण मिनिट उभा राहतो. तुम्ही राहून दाखवा." आणि गिऱ्हाईक दुकानात लंगडी घालायचे आणि हरायचे.

थोरल्याला दुसऱ्या बाजूवर न्यायचे बाईंच्या मनात होते. पण त्याआधीच त्यांना दवाखाना आवरून दुसऱ्या गावी जावे लागले. जाताना त्यांनी मला थोरल्याच्या हातात दिले. "हे तुमचं मिनिट," त्या म्हणाल्या. "तुम्ही कमावलंय, तुम्हीच ठेवा." मग त्या ठिपक्याकडे बघत जरा थांबल्या. मला वाटते, त्या काहीतरी सांगणार होत्या. इतक्यात सामान न्यायला गाडी आली, आणि ते राहून गेले.

आता मित्रांनो, माझी दुसरी नोकरी. ही मला स्वतः थोरल्यानेच लावली.

चष्म्याच्या दुकानामागे डोळे तपासायची खोली होती. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, एक दिवा आणि मध्ये मोठे टेबल. रविवारी दुपारी दुकान बंद करून धाकटा, म्हणजे चष्मेवाला, तिथे एक खेळ मांडायचा. या खेळात प्रत्येक जण एक सोंग घेतो. टेबलावर चौकटी आखलेला कागद पसरतात, त्यावर बोटाएवढ्या बाहुल्या उभ्या करतात, आणि एक जण सूत्रधार होऊन बाकीचे सगळे जग चालवतो: डोंगर, वारा, राजा, राक्षस. ‘मी दारामागे लपतो’ असे तुम्ही म्हणायचे, मग फासे टाकायचे, आणि लपणे साधले की फसले ते फासे ठरवतात. चष्मेवाला सूत्रधार होता. त्याची बायको पोहायला शिकवायची, ती खेळात तिरंदाज होती. तिला सगळे वहिनी म्हणत. बेकरीवाला कुऱ्हाड घेऊन लढायचा. झेरॉक्सवाला चोर झाला होता. आणि थोरला होता वैद्य, झोळीत रंगीत बाटल्या घेऊन हिंडणारा. बसस्टँडवरून त्याला घरी बसवल्यापासून ही एकच जागा त्याला उरली होती, जिथे लोक त्याच्या बोलण्याची वाट पाहत.

वाट फारच पाहत, हीच तर अडचण होती. गोष्ट झकास चालायची, पण लढाई सुरू झाली की खेळ चिखलात रुतायचा. पाळी आल्यावर जो तो विचार करायला बसे. बेकरीवाला कुऱ्हाडीचा घाव बोटांवर मोजायचा आणि चुकायचा. झेरॉक्सवाला आधी लपायचा, मग म्हणायचा, नाही, मी लपलोच नव्हतो. वहिनी मधल्या वेळात फोन बघायची. एक साधा नाला ओलांडताना लांडग्यांशी जी जुंपली, ती तीन रविवार चालली. थोरला तेवढा खुशीत असायचा. त्या गोंधळात त्याला हवा तेवढा वेळ मिळायचा.

"बायको विचारते, रविवारी कुठं मरायला जाता," बेकरीवाला एकदा वैतागून म्हणाला. "तिला सांगितलं, मरायचीसुद्धा पाळी येत नाही तिथं. पुढच्या रविवारी माझं काही खरं नाही, सांगून ठेवतो."

झेरॉक्सवाल्यानेही मान डोलावली. थोरल्याने दोघांकडे पाहिले. खेळ मोडला तर आपला रविवार मोडला, हे त्याला कळले. पुढच्या रविवारी त्याने पिशवीतून मला काढले आणि भावासमोर ठेवले.

"हे... घे. एक पाळी... एक मिनिट."

चष्मेवाला आनंदाने अक्षरशः उडाला. त्याने त्याच दिवशी नियम बसवले, आणि खरे सांगतो मित्रांनो, माणूस हुशार होता. पाळ्या बसलेल्या क्रमाने. सुरुवात थोरल्यापासून, मोठा म्हणून त्याचा मान. दुसऱ्याची पाळी चालू असताना आपला विचार करून ठेवायचा. मला उलटे केले की बोलायला लागायचे आणि वाळू संपायच्या आत वाक्य पुरे करायचे. वाचलेल्या वाळूत फासे टाकून घावांचा हिशेब उरकायचा. मी पूर्ण रिकामा झालो की मला पुन्हा उलटे करायचे, की पुढच्याची पाळी. ज्याचे वाक्य अर्धे राहील, त्याची पाळी गेली. त्याची बाहुली गोंधळून नुसती उभी राहील. राक्षसांना वेळेचे बंधन नव्हते, पण सूत्रधार त्यांच्या चाली पटापट खेळायचा आणि सगळ्यांच्या जखमा मोजायला चष्म्याच्या निकामी काचा वापरायचा. एक घाव, एक काच.

एक नियम मात्र पहिल्यापासूनचा होता. ज्याचे सोंग मरेल, त्याने खुर्ची सोडायची आणि नवीन गोष्ट सुरू होईपर्यंत परत यायचे नाही. एकेक गोष्ट दोन-तीन वर्षे चालायची.

त्या रविवारपासून लढाई पाण्यासारखी वाहू लागली. माणसे खुर्चीच्या कडेवर येऊन बसू लागली. बेकरीवाल्याने मला कपाळाला लावले आणि म्हणाला, "हे घड्याळ नाही, हिरा आहे हिरा." दवाखान्यात मला फक्त शिव्या मिळाल्या होत्या. इथे माझ्यासाठी फडताळात जागा केली, मला मऊ फडक्याने पुसले जाऊ लागले. मी फुगलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

फडताळात चष्मेवाला मला ठिपका खाली करून ठेवायचा. त्याला तो रंगाचा उडालेला थेंब वाटायचा आणि तो बरा दिसत नसे. आता नीट लक्ष द्या. लढाई सुरू झाली की तो मला उचलायचा आणि उलटे करायचा. म्हणजे ठिपका वर. पहिली पाळी थोरल्याची. मग पुन्हा उलटे, वहिनीची. पुन्हा उलटे, झेरॉक्सवाल्याची. पुन्हा उलटे, बेकरीवाल्याची. आणि पुन्हा थोरल्याची, पुन्हा ठिपका वर. चार माणसे, चार पाळ्या. दर फेरीला कापलेले मिनिट थोरल्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्याच वाट्याला यायचे. झेरॉक्सवाल्याचे तोंड त्याच्या मशीनसारखे चालायचे, त्याला अर्ध्या वाळूतही उरायचे. आणि थोरल्याला मानाची पहिली पाळी होती.

"वैद्य..." थोरला म्हणायचा. "वैद्य... ती... हिरवी..." आणि मी संपायचो.

"पाळी गेली," चष्मेवाला म्हणायचा.

पहिल्या रविवारी त्याने हे मान खाली घालून म्हटले. दुसऱ्या रविवारी नुसते म्हटले. पुढे पुढे तर कागदावरून नजर न उचलता म्हणू लागला. वहिनीने एकदा सुचवले, "भाऊजींसाठी घड्याळ दोनदा उलटं करूया ना."

"दादानंच आणलंय ते," चष्मेवाला म्हणाला. "त्याला वेगळा नियम लावायचा म्हणजे त्याचा अपमान."

"सगळ्यांना... तेच," थोरला म्हणाला. त्याने ते ताठ मानेने म्हटले. एका पायावर पूर्ण मिनिट उभा राहिलेला माणूस होता तो. मिनिटाला तो भीत नव्हता.

बेकरीवाल्याने वैद्याचे नाव खांब ठेवले. "खांबाला डावीकडून वळसा घाल," तो झेरॉक्सवाल्याला सांगायचा. "खांबाच्या आडून बाण मारा वहिनी, तेवढाच उपयोग." सगळे हसायचे. थोरलाही हसायचा, कारण न हसता बसणे त्याहून वाईट दिसले असते. राक्षस मात्र हसत नव्हते. जो नुसता उभा आहे त्यालाच राक्षस आधी धरणार, आणि सूत्रधार पक्षपात करत नसे. वैद्यासमोर काचांची रास वाढत चालली. आणखी थोड्या काचा पडल्या की वैद्य संपणार, हे टेबलावर प्रत्येकाला दिसत होते. झेरॉक्सवाल्याच्या मेहुण्यालाही दिसत होते. त्याला हा खेळ फार आवडायचा. ‘फक्त बघायला’ म्हणून तो येऊ लागला आणि थोरल्याच्या खुर्चीमागे स्टुलावर बसू लागला. येताना तो स्वतःचे फासे घेऊन यायचा.

मग तो पूल आला. खोल दरीवर दोरांचा पूल, आणि त्याला वेटोळे घालून बसलेला दगडी अजगर. त्याच्या अंगावर बाण बोथट व्हायचे आणि कुऱ्हाडीला ठिणग्या उडायच्या. दुसऱ्याच फेरीत त्याने तिरंदाजाला विळखा घातला. वैद्याच्या झोळीत एक निळी बाटली होती, दगड वितळवणारी. मागच्या रविवारी तिरंदाज विळख्यात सापडला आणि वेळ संपली म्हणून खेळ थांबला होता. थोरल्याने आठवडाभर घरी बसून एकच वाक्य घोटले होते. वैद्य निळी बाटली अजगराच्या डोळ्यात फोडतो. तेवढेच.

पाळी आली. मला उलटे केले. थोरला लगेच बोलू लागला.

"वैद्य... निळी..."

बेकरीवाला चघळायचा थांबला.

"निळी... बाटली... अजगराच्या..."

वहिनी पुढे झुकली. मेहुणासुद्धा स्टुलावरून उठला. थोरल्याच्या कपाळावरची शीर फुगली होती.

"डो..." तो म्हणाला, आणि माझा शेवटचा कण खाली पडला.

चष्मेवाल्याने भावाकडे पाहिले. नियम त्याचाच होता. "पाळी गेली," तो म्हणाला.

बाकीच्या तिघांचे घाव अजगराला ओरखडाही न काढता गेले. मग अजगर वळला आणि जो नुसता उभा होता त्याच्यावर आला. चष्मेवाल्याने फासे सगळ्यांसमोर टाकले. त्याने एक काच ठेवली, मग आणखी एक, आणि वैद्याची बाहुली आडवी केली. मागे मेहुण्याने फाशांची पिशवी टेबलाच्या कडेवर ठेवली. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला फक्त घाई झाली होती.

थोरला उठला नाही. "घरी... बसतं," तो म्हणाला. "मिनिटात."

"घरी सगळेच शूर असतात, दादा," बेकरीवाला म्हणाला.

वहिनी मात्र थोरल्याकडे बघत राहिली. "भाऊजी, घरी कशावर मोजलंत?"

"भिंत... घड्याळ."

वहिनीच्या गळ्यात शिटी आणि स्टॉपवॉच कायम लटकलेले असे. तलावाच्या काठावर, आपली मुलगी अर्ध्या क्षणाने हरली असे म्हणणाऱ्या आयांशी ती रोज भांडायची. तिने मला उचलले, ठिपका वर करून ठेवले आणि बटण दाबले. वाळू संपली तेव्हा पुन्हा दाबले. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने मला उलट्या बाजूने मोजले. मग पुन्हा पहिल्या बाजूने.

"हे मिनिट नाहीये," ती म्हणाली. "ही बाजू मिनिट आहे. ही लाल ठिपक्याची बाजू वर असली की कितीतरी आधी संपतंय." तिने बोटाने टेबलाभोवती फेरी मारली. "भाऊजी लाल. मी पूर्ण. हा लाल. तो पूर्ण. पुन्हा भाऊजी लाल. अरे, दरवेळी लाल." ती नवऱ्याकडे वळली. "दिवसभर लोकांचे डोळे तपासतोस ना तू? हा ठिपका दिसला नाही तुला?"

"मला वाटलं रंग उडालाय," चष्मेवाला म्हणाला.

"म्हणजे माझंही मिनिट कापलं जात होतं?" झेरॉक्सवाल्याने विचारले.

"तुला कळलं का कधी?"

"छे."

सगळे हसले, आणि या वेळी त्या हसण्यात काटा नव्हता. चष्मेवाल्याने वैद्याची बाहुली परत उभी केली आणि त्याच्यासमोरची काचांची सगळी रास हाताने बाजूला सारली. "दादा, वैद्य मेलाच नाही. त्या पाळ्या धरायच्याच नाहीत. तुला एक पाळी उधार, आत्ताच्या आत्ता घे." मेहुण्याने पिशवी मुकाट्याने खिशात घातली. बेकरीवाल्याने कान धरले. "चुकलो दादा, खांब म्हणालो तुम्हाला. मीच खांब." वहिनीचा चेहरा फुलला होता. तिने एका माणसाची खुर्ची वाचवली होती आणि ते तिला कळत होते.

थोरल्याने वैद्याकडे पाहिलेच नाही. त्याने मला हातात घेतले आणि ठिपक्यावर अंगठा फिरवला.

"लाल... वर... कमी?"

"हो भाऊजी. कमीच."

"आधी... पासून?"

"काचेतच आहे ते. बनवतानाच राहिलं असणार. पहिल्या दिवसापासून कमी." वहिनी समजावून सांगत होती, आनंदाने, जसे ती मुलांना पोहण्याचे हात समजावते.

"बाई," थोरला म्हणाला. मग बराच वेळ त्याला पुढचा शब्द सापडेना. या वेळी कोणी घाई केली नाही. "बाई... लाल... वर ठेवायच्या."

वहिनीचे हसू चेहऱ्यावरच राहिले आणि डोळे बदलले. चष्मेवाल्याने हातातले फासे हळूच खाली ठेवले.

"म्हणजे काय?" बेकरीवाल्याने विचारले.

थोरला उठला. त्याने खुर्ची मागे सारली. मला ठिपका खाली करून टेबलाच्या मधोमध ठेवले, पूर्ण मिनिटाच्या बाजूने. मग टेबलावरचा हात काढला आणि एक पाय उचलला.

"दादा, कशाला," चष्मेवाला म्हणाला. "बस ना."

थोरल्याची नजर माझ्यावर होती. दवाखान्यात किती जणांनी माझ्याकडे तसे पाहिले होते, आणि मला गंमत वाटली होती. त्या दिवशी वाटली नाही. माझी मान दोन्ही बाजूंनी वाकडी असती तर किती बरे झाले असते, असे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले. पण या बाजूची मान अगदी व्यवस्थित होती आणि वाळू सावकाश, नेमाने पडत होती. त्याचा गुडघा थरथरू लागला. खांदा एका बाजूला गेला. वहिनीने हात पुढे केला आणि परत घेतला, कारण धरले असते तर ते मिनिट त्याचे राहिले नसते.

पाय टेकला. माझ्या वरच्या फुग्यात अजून चिमूटभर वाळू होती. ती पडत राहिली. कोणालाच दुसरीकडे बघवेना, म्हणून सगळे माझ्याकडे बघत राहिले. शेवटचा कण गेला, आणि इतक्या रविवारांच्या सवयीने, माझ्यावरून नजर न उचलता चष्मेवाला म्हणाला, "पाळी गेली."

त्याने लगेच तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेले होते.

"हो," थोरला म्हणाला. तो शब्द त्याला ताबडतोब सापडला. त्याने पिशवी घेतली, दाराची चौकट धरली आणि तो गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्यानंतरच्याही नाही. चष्मेवाला त्याच्या घरी जाऊन आला. थोरल्याने दार उघडले, चहा केला, तब्येतीची चौकशी केली, आणि खेळाचे नाव निघताच खिडकीबाहेर बघत बसला. आता तो घरातसुद्धा भिंत धरून चालतो, असे वहिनीने येऊन सांगितले. तिने आठवडाभर स्टॉपवॉच गळ्यात घातले नाही. मग तलावावर गरज पडली, तेव्हा घातले.

दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना आता कोणी लंगडी घालायला लावत नाही. पहिल्या खुर्चीवर मेहुणा बसतो आणि चांगला खेळतो. माझा ठिपका चष्मेवाल्याने ब्लेडने खरवडून काढला, आणि पाळ्या मोजायला एक फोन टेबलावर आला. तो सर्वांना सारखे मिनिट देतो आणि संपले की किंचाळतो. लढाया अगदी सुरळीत चालतात. पूल केव्हाच ओलांडून झाला. वैद्य जिवंत आहे, पण त्याला हलवायला कोणी नाही, म्हणून कागद बदलला की त्याची बाहुली उचलून नव्या कागदाच्या कोपऱ्यात उभी करून ठेवतात. ती तिथे खांबासारखी उभी असते. मी फडताळात आहे. माझ्यावर धूळ बसली आहे.

मित्रांनो, या ठिकाणी जुन्या वस्तू आपली काळजी घ्या म्हणून हात जोडतात. मला पुसले काय आणि नाही पुसले काय, मला फरक पडत नाही. विनंती एवढीच आहे. कोणी आपले मिनिट उराशी धरून तुमच्या टेबलाशी आले, तर ते मोजायला बसण्याआधी त्याला विचारा, हे तुला कोणी दिले आणि कशासाठी दिले. आणि विचारून झाल्यावर थांबा. उत्तर यायला वेळ लागेल.